जुना ईपीएबीएक्स काढून इंटरनेट फोन बसवताय? या चुका टाळा

नागपूरजवळच्या एका नगर परिषदेतली गोष्ट. रविवारी रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही जुना ईपीएबीएक्स (कार्यालयातलं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) बंद केला. सोमवारी सकाळी टेबलाटेबलावर नवे फोन, साहेबांच्या केबिनमध्ये पेढे. सव्वाअकराला पाणीपुरवठ्याचे अभियंता जिना चढून आले. "अहो, टाकीवरच्या माणसाला केव्हापासून फोन लावून राहिलो, लागूनच नाही राहिला!"

टाकीवर फोन आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. एक्स्टेंशनच्या यादीत तो नव्हता, नकाशातही नव्हता. कधीतरी कुणीतरी तांब्याच्या तारांची एक जोडी टाकीपर्यंत ओढून ठेवली होती आणि ती मुकाट्याने चालत होती. शेवटी त्याच जोडीच्या कार्यालयाकडच्या टोकाला साधा फोन इंटरनेट यंत्रणेला जोडणारा एटीए अ‍ॅडॅप्टर लावला आणि टाकीवर जुनाच फोन ठेवला. तोवर दुपारची पाणी सोडायची वेळ टळून गेली होती.

जुनी यंत्रणा अशी बरीच कामं न सांगता करत असते. नवी आली की ती एकेक करून उघडी पडतात, आणि शिव्या नव्या फोनला बसतात.

यादीवर विसंबणं

कार्यालयातली टाइप केलेली यादी निम्मी जुनी असते. खरी यादी ऑपरेटर ताईंच्या टेबलाच्या काचेखाली असते, पेनाने खाडाखोड केलेली. कोटेशन द्यायच्या आधी त्यांच्याजवळ तासभर बसा. मग क्रोनच्या पेटीवर (सगळ्या फोनच्या तारा जिथे एकत्र येतात तिथे) टेस्ट फोन लावून एकेक जोडी तपासा. लिफ्टमधला फोन, फायर अलार्मची लाइन, आवक-जावकमधलं धूळ खात पडलेलं फॅक्स, बाहेरचा पंपहाऊस: हे सगळं तिथेच सापडतं. फॅक्स लागतच असेल तर गेटवे (जुनी लाइन नव्या यंत्रणेला जोडणारा डबा) आणि फोन कंपनी दोघांकडेही टी.38 (इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) आहे का ते विचारा. नाहीतर अर्धं पान येतं आणि लाइन तुटते.

नंबर आपलाच आहे असं समजणं

मोबाइलचा नंबर पोर्ट होतो, तसा लँडलाइनचा आपल्याकडे होत नाही. कंपनी बदलली की नंबर गेला. नागपुरात 0712 नंतरचा तो सात आकडी नंबर मालमत्ता कराच्या बिलावर, घंटागाडीवर, चौकातल्या फलकावर छापलेला असतो. म्हणून आधी सध्याच्याच कंपनीला विचारा, की याच नंबरवर एसआयपी ट्रंक (इंटरनेट पद्धतीची फोन लाइन) देता का. नसेल देत, तर जुनी लाइन ठेवून ती गेटवेमधून नव्या यंत्रणेत घ्या. निविदा निघून गेल्यावर हे आठवून उपयोग नाही.

शून्याचा घोळ

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त डोकं खाणारी चूक हीच, आणि माहितीपत्रकात ती कुठेही लिहिलेली नसते. जुन्या ईपीएबीएक्समध्ये बाहेरची लाइन घ्यायला 0 दाबायची सवय. त्यात 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना नंबरच्या आधी 0 लावणं सक्तीचं झालं. म्हणजे बाबूंच्या बोटांना वळण पडलं ते 0, पुन्हा 0, मग दहा आकडे. आता 98 ने सुरू होणारा मोबाइल असा लावला की नव्या यंत्रणेला दिसतं 0098. 00 म्हणजे परदेशी कॉल आणि 98 हा इराणचा कोड! आयएसडी बंद केलं असेल (करायलाच हवं), तर तो कॉल तिथेच अडतो आणि कार्यालयभर बोंब होते, की मोबाइल लागून नाही राहिले. यावर काही जण चिडून आयएसडीचं कुलूपच काढून टाकतात. तसं करू नका. डायल प्लॅनमध्ये (दाबलेल्या आकड्यांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या नियमांत) 00 नंतर नेमके दहाच आकडे असतील आणि पहिला आकडा 6 ते 9 मधला असेल, तर पहिलं शून्य गाळायचा नियम टाका. बाकी सगळं 00 बंदच. एक्स्टेंशन 201 चा पासवर्डही 201 ठेवलेला मी पाहिला आहे. असा पासवर्ड ओळखून बाहेरचेच लोक त्या खात्यावरून रात्री दोन वाजता परदेशात कॉल लावतात आणि बिल कार्यालयाच्या नावे येतं.

विजेचा विसर

तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्ट मिळतात. म्हणून घरची वीज गेली तरी साधा फोन चालतो. इंटरनेट फोनचं तसं नाही. फोन, पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणारा), राउटर आणि फायबरचा तो छोटा पांढरा डबा, चौघांनाही वीज लागते. डब्याला यूपीएस द्यायचा हमखास राहून जातो.

आणि यूपीएस दिला म्हणजे झालं असंही नाही. मे महिन्यात पहिल्या मजल्यावरचे सगळे फोन जेवणाच्या सुट्टीत बंद पडायचे. दोन दिवस आम्ही स्विचचे लॉग वाचत बसलो. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर शिपाईकाका यूपीएसचा प्लग काढून तिथे कूलरचा लावत होते. बॅटरी अर्धा-पाऊण तास तगायची, मग सगळं अंधारात. बाहेर 45 अंश असताना काकांना बोलायची माझी काही हिंमत झाली नाही. कूलरसाठी वेगळा पॉइंट काढून दिला, भांडण मिटलं. स्विचची पेटीही पश्चिमेच्या भिंतीवर किंवा जिन्याच्या टोकाला, पत्र्याखाली ठोकू नका.

लाइन मोठी घेतली, तरी आवाज तुटतो

जी.711 कोडेकवर (आवाजाचा डेटा करायच्या पद्धतीवर) एका कॉलला एका दिशेने साधारण 87 केबीपीएस लागतात. एकाच वेळी 20 जण बोलले तरी पावणेदोन एमबीपीएसच्या आतबाहेर. तेव्हा 200 एमबीपीएसची लाइन घेऊन आवाज सुधारत नाही. अकराच्या सुमाराला कर विभागात स्कॅन केलेल्या फायली चढू लागल्या, की आवाजाची पाकिटं (डेटाचे तुकडे) त्यांच्यामागे रांगेत अडकतात. फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं स्वतंत्र नेटवर्क) करा आणि राउटरवर आवाजाला आधी वाट द्या. आवाज एका बाजूनेच येत असेल, तर राउटरमधलं एसआयपी एएलजी (कॉलच्या माहितीत ढवळाढवळ करणारी सोय) बंद करून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. कॉल दर वेळी बरोबर 32 सेकंदांनी तुटत असेल, तर फोन बदलत बसू नका. कॉल उचलल्याची पोच पलीकडे पोहोचत नाहीये. फायरवॉल आणि नॅटची (आतले नेटवर्क पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारी) सेटिंग तपासा. 'पाण्यासाठी 1 दाबा' म्हटल्यावर 1 दाबूनही काही होत नसेल, तर दोन्ही टोकांना डीटीएमएफची (दाबलेलं बटण पलीकडे कळवायची) पद्धत एकच आहे का ते बघा.

एक विभाग झाला की दुसरा घ्या. दोन-तीन आठवडे जुनं आणि नवं शेजारीशेजारी चालू द्या. करवसुलीचा मार्च आणि अधिवेशनाचा डिसेंबर सोडून द्या. आणि शेवटचं देयक काढायच्या आधी अ‍ॅडमिन पासवर्ड आणि सेटिंगचा बॅकअप कंत्राटदाराकडून लेखी घ्या. मी स्वतः कंत्राटदार आहे, तरी सांगतो.