रस्त्यावरचं कुत्रं-मांजर घरी आणलंत? पहिल्या तीन महिन्यांत या चुका टाळा

कायी नावाची कुत्री तीन दिवस दिवाणाखालून बाहेर आली नव्हती. अहिराणीत काळीला कायी म्हणतात, म्हणून हे नाव. पाळधीजवळ हायवेला गाडीने उडवलेली, मागचा डावा पाय मांडीत मोडलेला. रॉड टाकून झाल्यावर महिनाभर माझ्याकडे होती, मग धरणगावच्या एका घराने तिला मागून नेलं. त्या घरात उत्साह केवढा! नवी गादी, नवा पट्टा, दारात औक्षण आणि बघायला आख्खी गल्ली. कायीने हे सगळं पाहिलं आणि सरळ दिवाणाखाली भिंतीला पाठ लावून बसली. तिथेच मुतली. भाकरीला तोंड लावेना. चौथ्या दिवशी त्या घरच्या जिजींचा फोन आला, "पोरी, हिले लई जा. हाई आमनाकडे रमत नही."

असे फोन मला दहा-बारा वर्षं येत आहेत. बहुतेक परत आलेल्या जनावरांची कहाणी अशीच असते. लोक वाईट नसतात, घाई झालेली असते. मारहाणीने बिघडलेली प्रकरणं मी फार थोडी पाहिली, मायेने बिघडलेली ढीगभर.

आल्या दिवशी आंघोळ, पाहुणे आणि फोटो

आपल्याकडे बाहेरून आलेल्याला आधी आंघोळ. रस्त्यावरचं जनावर म्हटल्यावर तर मोरीत धरून शाम्पूच. पण त्या जिवाच्या बाजूने बघा. काल दवाखान्याचा पिंजरा, आज अनोळखी घर, वरून चार हात दाबून धरतात आणि अंगावर पाणी ओततात. आंघोळ आठवडाभर थांबली तरी काही बिघडत नाही. फारच घाण असेल तर ओल्या फडक्याने पुसा.

प्राणी सांभाळणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात. तीन दिवस नुसती भीती जायला, तीन आठवडे घराची वेळ-सवय कळायला आणि तीन महिने हे घर आपलं आहे हे पटायला. काहींना याहून जास्त लागतात. पहिल्या तीन दिवसांत घरातला एक कोपरा त्याचा: खाली गोणपाट किंवा जुनी गोधडी, शेजारी पाणी, आणि पाहुणे बंद. हात पुढे करून डोक्यावरून फिरवू नका, डोळ्यांत डोळे घालून बघू नका.

जिजींना मी एवढंच सांगितलं, की तिच्याकडे बघूच नका. त्या दिवाणाकडे पाठ करून जमिनीवर बसल्या आणि सुपात ज्वारी निवडायला लागल्या. शेजारी भाकरीचा तुकडा. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सूप पाखडायचा आवाज थांबला तसं मागून ओलं नाक कोपराला लागलं. जिजी हलल्या नाहीत. तुकडा गेला. कायी परत दिवाणाखाली. पण त्या रात्री ती तिथे मुतली नाही, दारापाशी येऊन उभी राहिली.

आणि दार! नवं कुत्रं पळून जातं ते याच दिवसांत. दूधवाला आला, पोराने दार सताड उघडलं, की कुत्रं थेट रस्त्यावर. रस्ताच त्याच्या ओळखीचा असतो. पहिले दोन आठवडे बाहेर नेताना पट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही लावा, आणि गळ्यात तुमचा मोबाइल नंबर असू द्या.

उपाशी जिवाला पोटभर वाढणं

बरगड्या दिसताहेत म्हणून लोक मोठं ताट वाढतात. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं, की रक्तातलं फॉस्फरस आणि इतर क्षार झपाट्याने खाली येतात, आणि वाचवून आणलेलं जनावर जेवणानंतर दगावू शकतं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यायचं आणि आठवडाभरात वाढवत न्यायचं. मऊ भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा अंडं. भाकरी चालते, कुस्करून आणि भिजवून.

दूध-बिस्कीट हा आपला आवडता पाहुणचार आहे, पण मोठ्या कुत्र्या-मांजरांना दूध बहुधा पचत नाही, हगवण लागते. लोक त्यालाच आजार समजून घाबरतात. शेवभाजीचा उरलेला रस्सा तर नकोच. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्शात दोन्ही ठासून असतात. तुपात बुडवलेली बट्टी खाऊन स्वादुपिंडाला सूज आलेला कुत्रा मी पाहिला आहे. मटणाची शिजलेली हाडं टोकदार फुटतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट हेही बंद.

मांजराचं आणखी वेगळं. ते दूध-पोळीवर जगतं हा आपला समज, पण टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळे आणि हृदय जातं. घर शाकाहारी असेल तर मांजर घेण्याआधी यावर बोलून घ्या.

गोचिडावर शेतातलं औषध

या चुकीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ही आपल्या भागातली खास चूक आहे. कपाशी-केळीच्या पट्ट्यात प्रत्येक घरी फवारणीचा डबा असतो. गोचीड दिसला की कोणीतरी म्हणतं, टोपणभर बादलीत टाक आणि धुऊन काढ. रावेरकडून एक भाऊ असंच पिल्लू घेऊन आले होते. तोंडातून लाळेची तार, अंग थरथरतंय, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक. पोराने हौसेने धुतलं होतं, पिल्लाने अंग चाटलं होतं. हे विष नसा-स्नायूंवर जातं. त्यावर अॅट्रोपिनचं इंजेक्शन आहे, ते वेळेत मिळालं आणि पिल्लू वाचलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाच्या नावाचा. भावांनी डबा सोबत आणला होता, हे त्यांनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. असं काही घडलं तर डबा किंवा त्याचं लेबल घेऊनच निघा.

खरजेवर गाडीचं जळकं ऑइल, जखमेतल्या अळ्यांवर रॉकेल किंवा फिनाइल, हे त्याच माळेतले मणी. ऑइलने खरूज बरी होत नाही. कातडी भाजते आणि चाटल्यावर पोटात जातं. खरजेवर आता डॉक्टरांकडे तोंडाने द्यायच्या चांगल्या गोळ्या आहेत. पावसाळ्यात जखमेत अळ्या झाल्या तर त्या चिमट्याने काढून जखम साफ करणं हे दवाखान्याचं काम आहे, घरातल्या बाटलीचं नाही.

मांजराच्या बाबतीत दोन गोष्टी भिंतीवर लिहून ठेवा. कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावायचं नाही, त्यातल्या अनेकांत पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. आणि पॅरासिटामॉल कधीच नाही. तापाची एक साधी ५०० मिलिग्रॅमची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यालाही आपल्या घरातली दुखण्याची गोळी देऊ नका, आयब्युप्रोफेनने पोटात अल्सर होतात आणि किडनी जाते.

गोचीड काढूनही पुन्हा पुन्हा होत असतील तर कुत्र्याकडे नाही, भिंतीकडे बघा. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि फटीत, दाराच्या चौकटीमागे हजारोंनी अंडी घालते. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात, मातीच्या भिंतीत तर तिला मोकळं रान. फटी बुजवा, गोधड्या कडक उन्हात टाका. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, त्याचा एवढा तरी उपयोग. आणि कुत्रं मलूल झालं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर तो गोचीड-ताप असू शकतो. रक्त तपासून गोळ्या सुरू होतात आणि त्या साधारण चार आठवडे चालतात. पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात. करू नका.

"रस्त्यावरचं आहे, काटक असतं"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. रस्त्यावर दिसतात ती उरलेली कुत्री असतात, मेलेली पिल्लं कोणी मोजत नाही. पार्व्हो नावाच्या विषाणूने रक्ताची हगवण लागून तीन-चार दिवसांत पिल्लू जातं. पार्व्होसकट अनेक रोगांवरची मिश्र लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असताना सुरू करायची आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुढची मात्रा द्यायची. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, नंतर डॉक्टर सांगतील तशी. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलंय तिथे लगेच दुसरं नेऊ नका. हा विषाणू महिनोन्महिने टिकतो आणि फिनाइलने मरत नाही. फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसा, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी.

चावलं किंवा ओरखडलं, तर जखमेवर मिरची, चुना, हळद काही नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लस तिथे मोफत मिळते. कातडीत टोचतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असे चार दिवस जावं लागतं. चारही. दोन घेऊन सोडायचं नाही.

उन्हाळा

भुसावळ-जळगावचा मे महिना वेगळा सांगायला नको, पारा ४५ च्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर बांधलेलं कुत्रं दुपारपर्यंत मरू शकतं. डांबरावर आपल्या हाताची पालथी बाजू पाच सेकंद ठेवा. भाजली तर त्याला चालवू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं, चाल लटपटली, की साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते.

"मळ्यात ठेवू, राखण करील"

दत्तक द्यायचं म्हटलं की निम्मे फोन याच वाक्याने सुरू होतात. मळ्यात म्हणजे साखळीला, मोटरीच्या खोलीपाशी, रात्री एकटं. यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला आणि चाळीसगावकडे गौताळ्याच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे. साखळीला बांधलेलं कुत्रं त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. मळ्यात माणसं राहत असतील, कुत्रं रात्री खोलीत येत असेल, तर मी देते. नाहीतर नाही, मग कोणाचीही ओळख सांगा.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी आधी बोला. आजवर परत आलेल्या पिल्लांपैकी कित्येक "मालक नको म्हणाले" म्हणून परत आली. मादी नको म्हणणाऱ्यांना मी विचारते, का? पिल्लं होतील म्हणून असेल, तर सहा महिन्यांच्या आसपास नसबंदी होते आणि प्रश्न मिटतो. नाही केली तर साधारण ६३ दिवसांत पाच-सहा पिल्लं, आणि मग पोतं घेऊन रात्री गावाबाहेर जाणारा कोणीतरी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळलेलं जनावर टाकून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये, म्हणजे एका कटिंग चहाचा किंवा फार तर दोन-तीन वडापावांचा. त्यामुळे कायद्याच्या भरवशावर राहून पिल्लू कोणाच्या हातात देऊ नका. आधी घर बघून या.

एवढं करूनही अडलं तर

दोन दिवस खात नाही, पण पाणी पितंय आणि डोळे तेज आहेत? ताट ठेवून खोलीबाहेर जा, रात्री खाईल. पिल्लू असेल किंवा उलट्या होत असतील तर थांबू नका. मांजर पूर्ण दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृताला धोका असतो, त्यालाही दवाखान्यात न्या.

घरात मुततं? नाक त्यात घासू नका, त्यातून ते फक्त लपून मुतायला शिकतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर बाहेर न्या आणि बाहेर केलं की लगेच तिथेच खाऊ.

ताटाजवळ गेल्यावर गुरगुरतं? ते भुकेचं शिक्षण आहे. ताट ओढून घेऊ नका. लांबून जाता जाता त्यात आणखी चांगलं काहीतरी टाका, रोज. तुम्ही आलात की ताट वाढतं हे कळलं, की गुरगुर जाते.

एकटं सोडलं की रडतं? पाच मिनिटं जा, परत या. मग दहा. निघताना मोठा निरोपसमारंभ नको.

मांजर कपाटावर चढून बसलंय? बसू द्या.

फटाके आणि डीजे यावर मात्र माझ्याकडे पक्का उपाय नाही. आतल्या खोलीत खिडक्या लावून पंखा आणि टीव्ही चालू ठेवायचा, संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणायचं आणि जवळ बसायचं. फार घाबरणाऱ्यांना डॉक्टर आधीपासून गोळी देतात. कायी चार दिवाळ्या त्या घरात राहिली तरी अजून पहिला बॉम्ब वाजला की दिवाणाखाली जाते. लंगडत का होईना, पण सगळ्यांच्या आधी. जिजी आता लक्ष्मीपूजन आटोपलं की सूप घेऊन दिवाणापाशी बसतात, पाठ करून. यंदा त्यांनी खाली गोधडी धनत्रयोदशीलाच टाकून ठेवली होती.