साल शेवटी वाचा: स्पॅनिश चांदीची नाणी ओळखताना

जुने स्पॅनिश नाणे हातात आले की नवखा माणूस आधी साल शोधतो. तेच शेवटी वाचायचे. नकली नाण्यावर कुठलेही साल घालता येते, पण राजा, टांकसाळ, पारख्याची अक्षरे आणि वजन त्या सालाशी जुळवताना बनावट करणाऱ्याची हमखास गफलत होते.

सुरुवात काट्यापासून करा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो. आठ रियालचे (रियाल हे स्पेनचे जुने चलन) यंत्रावर पाडलेले नाणे साधारण २७.०७ ग्रॅमचे आणि ३८ ते ४० मिलिमीटर व्यासाचे. झिजून अर्धा ग्रॅम कमी भरले तर चालते, २४ भरले तर संशय घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला लागू देऊ नका. काटा सुमारे २.६ दाखवायला हवा, म्हणजे घनता (नाण्याचे वजन भागिले हा आकडा) १०.३ च्या आसपास. पितळेवर मुलामा असेल तर आकडा ३ च्या वर जातो. लोहचुंबकावर विसंबू नका. पितळही त्याला चिकटत नाही.

आता चेहरा. मेक्सिकोच्या टांकसाळीत १७३२ पासून ‘खांबवाली’ नाणी निघाली: दोन खांब, मध्ये पृथ्वीचे दोन गोल, खाली लाटा. त्यांवर राजाचे चित्र नाही. चित्र आले ते १७७२ पासून. त्यामुळे चेहरा आणि १७६६ साल एकत्र दिसले की तिथेच थांबा. स्पेनचा राजा कार्लोस तिसरा डिसेंबर १७८८ मध्ये वारला; कार्लोस चौथ्याचा नवा साचा यायला वेळ लागला, म्हणून १७८९-९० च्या नाण्यांवर नाव चौथ्याचे आणि चेहरा तिसऱ्याचा. ही चूक नव्हे, खरेपणाची खूण. पण तिसऱ्याच्या नावाचे १७९५ चे नाणे म्हणजे सरळ बनावट.

उलट बाजूची अक्षरे भिंगातून वाचा. ‘एम’वर बारीक ‘ओ’ म्हणजे मेक्सिको. ‘पी’, ‘टी’, ‘एस’ एकमेकांत गुंफलेली असतील तर पोटोसी, आजच्या बोलिव्हियातले. त्यापुढची अक्षरे चांदीचा कस तपासणाऱ्या पारख्यांची. मेक्सिकोत ‘एफएफ’ १७७७ ते १७८४, ‘टीएच’ १८०३ ते १८१०. १७९५ च्या मेक्सिकन नाण्यावर ‘एफएम’च हवे आणि राजाच्या नावापुढे चार उभ्या रेघा. तिथे ‘टीएच’ दिसले तर पुढे पाहायलाच नको.

कड बहुतेक जण बघतच नाहीत. चेहऱ्याच्या नाण्यांच्या कडेवर वर्तुळ-आयत, वर्तुळ-आयत अशी नक्षी असते. ती दोन पट्ट्यांमधून नाणे फिरवून उमटवत, म्हणून समोरासमोरच्या दोन जागी नक्षी एकमेकींवर चढलेली दिसते. ओतीव नकलेत कडेच्या मधोमध सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे सापडतात. चिनी व्यापाऱ्यांचे छोटे ठसे असतील तर घाबरू नका, ते पारख करून मारलेले असत.

हातोड्याने पाडलेली वेडीवाकडी नाणी हा वेगळाच धडा. १६४९ मध्ये पोटोसीच्या टांकसाळीतली भेसळ उघडकीस आली आणि १६५२ पासून तिथे खांब-लाटांची नवी छाप आली. साल तीन ठिकाणी घालायची पद्धत, पण ठोकताना निम्मे निसटायचे. एका जागचा ‘७’ आणि दुसरीकडचा ‘२’ जुळवून साल लावावे लागते.

आपल्याकडे ही नाणी युरोपीय कंपन्यांच्या जहाजांतून सुरतेला येत, पण बरीचशी वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. तेव्हा ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’ असे विक्रेता म्हणाला तर नाणे दुप्पट काळजीने पाहा. आणि रांगोळी, टूथपेस्ट लावून चमकवू नका. काळपट थर घासून गेला की चेहऱ्याची बारीक रेघही जाते, आणि किंमतही.