आरोग्यसेवकांसाठी भिंत रंगवताय? आधी एवढी तयारी करा

रंगाचा डबा उघडण्याआधी वही उघडा. हे चित्र ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यातल्या दहा-बारा जणांशी निवांत बोला. नुसते डॉक्टर आणि नर्स नकोत. सफाई कर्मचारी, लॅब टेक्निशियन, रुग्णवाहिकेचे चालक, रात्री स्ट्रेचर ढकलणारे वॉर्डबॉय, सगळे हवेत. तुमचं कुठलं काम भिंतीवर दिसावं असं वाटतं, एवढंच विचारा आणि ऐकत राहा. पंख, चिलखत असलं काही मी तरी काढणार नाही. माणसाला देव केलं की त्याचा थकवा दिसेनासा होतो. मास्क उतरवल्यावर नाकावर राहिलेला लाल वळ, ग्लोव्हजमध्ये घामाने सुरकुतलेली बोटं यांच्याकडे नीट बघा, चित्र तिथेच सापडेल.

ओळखू येईल असा चेहरा काढणार असाल तर लेखी संमती घ्या. गेलेल्यांची नावं लिहायची असतील तर घरच्यांना विचारा, नावातली वेलांटी-उकार त्यांच्याकडूनच तपासून घ्या, आणि राहून गेलेल्या नावासाठी जागा मोकळी सोडा.

जागामालकाची आणि प्रशासनाची परवानगी कागदावर हवी. यात वेळ जातो, धीर सोडू नका. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आवारात क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या मेरी सीकोल यांचा पुतळा २०१६ मध्ये उभा राहिला, त्याआधी १२ वर्षं मोहीम चालली होती.

आता भिंत. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवं प्लॅस्टर असेल तर साधारण २८ दिवस सुकू द्या. जुन्या भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर भिंतीत ओल आहे. ओल कुठून येते ते शोधून बंद केल्याशिवाय ब्रश लावू नका, नाहीतर पांढरे क्षार फुटतील आणि रंगाचे पापुद्रे निघतील. सुटा रंग खरवडा, भिंत धुऊन वाळवा, मग अल्कली सोसणारा प्रायमर आणि त्यावर बाहेरच्या भिंतींसाठीचा अ‍ॅक्रिलिक रंग. कडक उन्हाची भिंत असेल तर गेरूसारखे लोहयुक्त रंग जास्त वापरा. काही भडक लाल-पिवळे रंग उन्हात लवकर विटतात. ओल जाणारच नसेल तर वेगळ्या पॅनलवर रंगवा. ते हलवताही येतं.

परांची, दोरी, हेल्मेट हे ओघाने आलंच. पण परांचीमुळे रुग्णवाहिकेची वाट अडणार नाही आणि रंगाचा वास वॉर्डाच्या खिडक्यांतून आत जाणार नाही, हे तिथल्या लोकांना सोबत घेऊन आधी बघा.

उरलेला रंग घट्ट झाकून, शेडचा नंबर लिहून, पुढे भिंतीची काळजी घेणार असेल त्याच्या हाती द्या. आणि अनावरण ड्युटी बदलण्याच्या वेळेला ठेवा, म्हणजे रात्रपाळीवाल्यांना घरी जाताना चित्र बघता येईल.