जुन्या साखळी हॉटेलात सदस्यत्वाचा दर्जा कसा वापरावा

खोली शक्यतो हॉटेल कंपनीच्या ॲपवरूनच आरक्षित करावी, कारण इतर प्रवासी संकेतस्थळांवरून घेतलेल्या खोलीवर सहसा सदस्यत्वाचे गुण जमा होत नाहीत आणि दर्जाचे लाभही मिळत नाहीत. मॅरियट हॉटेलांच्या मॅरियट बॉनव्हॉय या सदस्यत्व योजनेत वर्षाला 25 रात्रींनी गोल्ड आणि 50 रात्रींनी प्लॅटिनम दर्जा मिळतो. प्लॅटिनम सदस्याला निघण्याच्या दिवशी दुपारी 4 पर्यंत खोली ठेवता येते, मात्र रिसॉर्टमध्ये ही सवलत उपलब्धतेवर अवलंबून असते.

इमारत जुनी असेल, तर मोठ्या खोलीपेक्षा नूतनीकरण झालेली खोली मागणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. एकदा मला मोठ्या आदराने दिलेल्या प्रशस्त सूटमध्ये एसीखालचा गालिचा ओला होता आणि न्हाणीघरातल्या फरशांच्या सांध्यांत काळी बुरशी धरली होती. म्हणून आदल्या दिवशीच फोन करून कोणत्या मजल्याचे काम झाले आहे ते विचारावे आणि सामान उघडण्यापूर्वी गरम पाणी, एसी व खिडकीची कडी तपासून घ्यावी. दोष दिसल्यास फोटो काढून तो लगेच स्वागतकक्षात दाखवावा; खोली बदलून मिळणे त्याच वेळी सोपे असते, निघताना केलेल्या तक्रारीने गेलेली झोप भरून निघत नाही.