मनाली–लेह सायकलने: आधी मुक्काम ठरवा, मग किलोमीटर

मनालीहून लेहला सायकलने जायचं ठरलं की बहुतेक जण अंतराला दिवसांनी भागतात. रोहतांगवरून सुमारे 475 किलोमीटर, रोज साठ, म्हणजे आठ दिवस. पहिल्या वेळी मीही असाच हिशोब केला होता. जिस्पाहून पहाटे निघालो, बारालाचा खिंड ओलांडली आणि संध्याकाळी थेट सरचूच्या तंबूत. पाय ठणठणीत होते. रात्री मात्र कपाळ फुटेल असं दुखायला लागलं, पोटात काही राहीना, पडल्या पडल्याही धाप लागत होती. उंचीवरच्या विरळ हवेत उशाशी ठेवलेलं चिप्सचं पाकीटही फुग्यासारखं टम्म झालं होतं. सकाळी एका ट्रकवाल्याने सायकलसकट मला खाली जिस्पाला सोडलं.

तेव्हापासून माझं नियोजन एकाच प्रश्नापासून सुरू होतं: आज रात्री किती उंचीवर झोपायचं?

रस्ता आणि दिशा

उंच हिमालयात ही पहिलीच वेळ असेल तर श्रीनगर–लेह रस्त्याचा आधी विचार करा. त्यावरच्या खिंडी (लडाखीत ‘ला’ म्हणजे खिंड) अशा: झोजी ला 3,528 मीटर, नमिका ला सुमारे 3,700 आणि फोटू ला 4,108. वाटेत द्रास, कारगिल, मुलबेख, लामायुरू अशी वस्तीची गावं आहेत, रात्री पक्क्या छपराखाली निजता येतं. मनाली–लेह याहून फार कठीण आहे, आणि माझ्या मते फार सुंदरही. तो करायचा तर मनालीकडून निघा. विमानाने लेहला उतरलात की शरीर एकदम 3,500 मीटरवर जातं. मनालीत 2,050 मीटरपासून चढत जाता येतं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ धरा, पण निघण्याआधी खिंडी उघडल्यात का याची खात्री करून घ्या.

कागदावर तीन रकाने

ठिकाण, झोपण्याची उंची, तिथे काय मिळतं. एवढंच लिहा. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसा खिंड चढून पलीकडे खाली उतरलात तर चालतं, हिशोब झोपण्याचा आहे.

माझा कागद असा असतो. मनालीत दोन रात्री. मग मढी (सुमारे 3,300), रोहतांग ओलांडून सिस्सू (3,100), पुढे जिस्पा (3,200) आणि तिथे दुसरी रात्रही. जिस्पाची ती जादा रात्र कुणी कितीही घाई केली तरी खोडू नका, कारण पुढचा मुक्काम दीपक ताल या तळ्याजवळ (3,800) आहे आणि ही उडी नियमापेक्षा थोडी मोठी आहे. तिथून झिंगझिंगबार (4,270). दुसऱ्या दिवशी 4,890 मीटरचा बारालाचा चढून सरचूला (4,290) उतरायचं. दिवसभर एवढी चढाई करूनही झोपायची उंची जवळपास तीच राहते, हे या टप्प्याचं वरदान आहे. मग गाटा लूप्सची वळणं आणि नकी ला पार करून व्हिस्की नाला, त्यानंतर लाचुलुंग लामार्गे पांग (4,600), डेब्रिंग, आणि 5,328 मीटरच्या तांगलांग लावरून रुमत्से. शेवटच्या दिवशी लेह. विश्रांती धरून मनाली सोडल्यापासून बारा दिवस. एखादा जादा दिवस खिशात ठेवा.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय अशा अवस्थेत वरचा मुक्काम गाठायचा नाही. बसूनही धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे घरून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

चढ मोजा

गाटा लूप्सची एकवीस वळणं ऐकून लोक घाबरतात. नकाशावर बघा: सुमारे दहा किलोमीटरमध्ये साडेचारशे-पाचशे मीटर चढाई, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट साधारण असाच आहे. फरक हवेचा. लूप्सच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. म्हणून पसरणीला लागतो त्याच्या दुप्पट वेळ धरा आणि त्याहून एक गिअर हलका लावा. पायडलजवळची सर्वांत लहान दात्यांची चकती मागच्या चाकावरच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा लहान असेल तर सामानासकट चढणं सुसह्य होतं.

घड्याळ आणि पाणी

कुठे किती वाजता पोहोचायचं हे ठरवताना सुरक्षिततेबरोबर सौंदर्याचाही विचार करायचा. बर्फ वितळून वाहणारे नाले दुपारी फुगतात. झिंगझिंगबारच्या अलीकडचा पागल नाला याच कारणाने बदनाम आहे. तो सकाळीच ओलांडा. बारालाच्याच्या दिवशी झिंगझिंगबारहून पहाटे निघालात की सूरज तालावर वारा उठायच्या आत पोहोचता, आणि पाण्यात डोंगर अख्खा उतरलेला दिसतो. पांगच्या पुढची मोरेची सपाटी चाळीसेक किलोमीटर लांब आहे. दुपारनंतर तिथे समोरून वारा सुटला तर सपाटीवरही पायडल मारवत नाही. पांगहून उजाडताच सुटा.

रुमत्से ते उपशी हा उतार मात्र पळवू नका. ग्या, लाटो, मिरू अशी गावं लागतात, जवाची हिरवी शेतं आणि दोन्ही बाजूंना जांभळे-तांबडे कडे. उपशीला सिंधू भेटते. या तीसेक किलोमीटरसाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

सामान

किमान 32 मिलिमीटरचे टायर, जादा ब्रेक पॅड, पंक्चरचं साहित्य, तीन-चार लिटर पाण्याची सोय. खिंडीच्या माथ्यावर घामेजलेले असाल, तेव्हा उताराला लागण्यापूर्वीच विंडचीटर आणि जाड हातमोजे चढवा. गोठलेल्या बोटांनी ब्रेक दाबला जात नाही.

नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि जिस्पानंतरच्या दारचा गावाच्या पुढे बराच काळ फोनचा भरवसा नाही. तो तीन रकान्यांचा कागद दोन प्रतींत काढा. एक हँडलच्या पिशवीत, दुसरी घरच्यांकडे. घरच्यांच्या प्रतीवर दीपक तालापासून रुमत्सेपर्यंतच्या रात्रींना लाल गोल करून सांगून ठेवा, की या रात्री फोन येणार नाही.