जुनी गाडी रोज वापरताय? मग या चुका टाळा

मीटरवर दीड लाख किलोमीटर दिसले की गाडीबद्दल सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, "आता विकून टाक." कुणी म्हणतं, "चालतेय तोवर चालव, उगाच खर्च करू नकोस." मला दोन्ही पटत नाहीत. जुन्या वॅगनआरचं, अल्टोचं, सँट्रोचं इंजिन सांभाळलं तर दोन लाखांच्या पुढेही रोजच्या कामाला विनातक्रार येतं. ज्या गाड्या त्याआधीच भंगारात जातात त्यांची बिलं काढून बघा. बहुतेकदा एकच गोष्ट सापडते: लक्षणावर पैसे गेले, कारण होतं तिथेच राहिलं. बॅटरी बदलली, पण गंजलेली अर्थिंग, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह गाडीच्या धातूला जोडणारी पट्टी, तशीच. शॉकअप बदलले, पण खडखड लिंक रॉडची, म्हणजे सस्पेन्शनमधल्या जोडदांडीची होती.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक आधी घेतो.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं

ट्रॅफिकमध्ये गाडी तापायला लागली की गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं: "साहेब, वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट) काढून टाकतो. परत गरम व्हायचं नाव घेणार नाही." काम दहा मिनिटांचं, पैसेही फार नाहीत, आणि पुढचे काही दिवस गाडी खरंच गरम होत नाही. म्हणून हा उपाय इतका फोफावला आहे.

थर्मोस्टॅट हा कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, वाटेवरचा दरवाजा आहे. इंजिन गार असताना तो बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान तो उघडू लागतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. हा दरवाजाच काढला की हायवेवर, थंडीत, पावसात इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून गार आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ होतं. ऑईलमधलं पाणी उडून जात नाही, आतमध्ये गाळ धरतो. आणि ज्या कारणानं गाडी तापत होती ते कारण जागच्या जागी असतं. मे महिन्यात एसी लावून, चार माणसं बसवून घाट चढायला घेतलात की ते पुन्हा समोर येतं.

कारण शोधायचं कसं? सुरुवात एका प्रश्नानं करा: गाडी नक्की कधी तापते? सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर नॉर्मल होते, तर संशय पंख्यावर घ्यायचा. पंख्याची मोटर, रिले, फ्यूज, तापमानाचा सेन्सर, नाहीतर एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये साचलेली धूळ. उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक आणि घाटात किंवा शंभरच्या स्पीडला तापते, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटर आतून चोंदलाय किंवा वॉटर पंप दमलाय. एवढा एक फरक मेकॅनिकला नीट सांगता आला तरी निम्मं काम झालं.

मग सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण फक्त अशा वेळीच उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. आतलं पाणी स्वच्छ हिरवं, लाल किंवा निळं दिसायला हवं. तपकिरी, गंजाचं पाणी दिसलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं आहे. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, घरातल्या गीझरच्या कॉइलवर बसतात तसेच.

आता ते झाकण उलटं करून बघा. खालचं रबर चिरलंय का, कडक झालंय का, स्प्रिंग दाबली तर जोर लावते का. हे झाकण आत दाब धरून ठेवतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो ०.९ बारच्या आसपास असतो, आणि एवढ्या जास्तीच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या जवळ गेल्याशिवाय उकळत नाही. झाकण ढिलं झालं की हाच आकडा १०० वर येतो. कूलंट उकळून बाहेर पडतं, आणि मालक पुढचे दोन महिने रेडिएटर, पंप, गॅस्केट असं सगळं बदलत बसतो. काही शे रुपयांचा हा पार्ट आधी बदला.

झाकण लावून गाडी चालू करा, इंजिनकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या मोठ्या होजपाइपला अधूनमधून हात लावून बघा. फिरत्या बेल्टपासून आणि पंख्यापासून हात लांब ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाइप बराच वेळ कोमट राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू तापत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा कुणीतरी आधीच काढलाय. इंजिन उकळायला आलं तरी पाइप गारच राहिला, तर तो बंद अडकलाय. दोन्ही वेळा नवा बसवायचा. गार इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच पाइप दगडासारखा टणक झाला किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, तपासून घ्या.

नवं कूलंट भरताना कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाला, रेडीमिक्स असेल तर काहीही घालू नका. भरल्यावर सिस्टिममधली हवा काढायला मेकॅनिकला लावा. घाईत हे राहून जातं आणि नव्या कूलंटवरही गाडी तापते.

बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला की "जवळच गॅरेज आहे, तेवढं गाठू" असा विचारही करू नका. एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद. ॲल्युमिनियमचं हेड वाकायला दोन किलोमीटर पुरतात. आणि कूलंट पूर्ण वाहून गेलं असेल तर सेन्सरभोवती पाणीच उरत नाही, त्यामुळे काही वेळा दिवा लागतही नाही. म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून कूलंटच्या बाटलीतली पातळी डोळ्यांनी बघायची सवय लावा.

टायमिंग बेल्ट "चालतोय की अजून" म्हणणं

मारुतीची जुनी ७९६ सीसी आणि १०६१ सीसीची इंजिनं टायमिंग बेल्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या रबरी पट्ट्यावर चालतात. २०१० नंतरच्या वॅगनआरमधलं ९९८ सीसीचं के-सिरीज इंजिन चेनवर चालतं. आपल्या गाडीत काय आहे हे आधी माहीत करून घ्या. बेल्ट तुटण्याआधी आवाज देईलच असं नाही. चालता चालता इंजिन बंद पडतं, आणि अनेक इंजिनांत उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून हेडचं काम निघतं. मारुतीच्या या इंजिनांचा बेल्ट लाख किलोमीटरला बदलायचा असतो. गाडी कमी फिरत असली तरी वयानं रबर चिरतं, हे विसरू नका. सेकंडहँड गाडी घेतली आणि मागच्या मालकाकडे बिल नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असंच धरून चाला. बदलताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि पुढचे ऑईल सीलही बदलून घ्या, कारण मजुरी तीच असते. चेनवाल्या गाडीत चेनचं आयुष्य ऑईलवर ठरतं. सकाळी चालू करताना पुढच्या बाजूनं किरकिर येत असेल तर दाखवून घ्या.

कोड वाचून थेट पार्ट बदलणं

चेक इंजिनचा दिवा लागला की बॅटरीचं टर्मिनल काढून तो घालवणारे खूप आहेत. त्यानं फक्त नोंद पुसली जाते. साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांत स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावून बिघाडाचा कोड मोबाइलवर वाचता येतो, आणि तो आपण स्वतः वाचावा असं माझं ठाम मत आहे. पण कोड पार्टचं नाव सांगत नाही, काय बिघडलंय एवढंच सांगतो. पी०१७१ हा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच की हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. लगेच हजारो रुपयांचा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. खरा दोष बऱ्याचदा इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) मागच्या एखाद्या चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपमध्ये असतो, नाहीतर पेट्रोलचा पंप कमी दाब देत असतो. आधी पाइप बघा, एअर फिल्टरच्या डब्याचे क्लिप बघा, थ्रॉटल बॉडी साफ करा, प्लग काढून त्यांचा रंग बघा. मग खिशात हात घाला.

दरवर्षी बॅटरी बदलणं

बॅटरी दोन वर्षांत दोनदा गेली तर दोष बॅटरीचा असण्याची शक्यता कमी. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. कमी दिसले तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. आकडे बरोबर असूनही सेल्फ (स्टार्टर) दमून फिरतो? मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या मोकळ्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे. मुंबईत, कोकणात ही पट्टी हिरवी पडलेली सर्रास दिसते. ती खोलून, घासून, घट्ट बसवली की हेडलाइटसुद्धा उजळतात.

ऑईल जाळते म्हणून घट्ट ऑईल भरणं

जुनी गाडी थोडं ऑईल खाणारच. दर दोन टाक्यांमागे सपाट जागी डिपस्टिक बघायची आणि कमी असेल तेवढं घालायचं. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या सेल्फला निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, जोर लावल्यावर सतत निळा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. सीलचं काम रिंगांच्या मानानं बरंच स्वस्त आहे, म्हणून "इंजिन बांधावं लागेल" असं कुणी सांगितलं की धूर कधी येतो हे आधी स्वतः बघा. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० (पातळ ऑईल) लिहिलेलं असताना २०डब्ल्यू-५० (घट्ट ऑईल) घातलं तर सकाळी वरच्या भागात ऑईल उशिरा पोचतं, आणि झीज तिथेच वाढते. वर्षानुवर्षं ऑईल बदललेलंच नाही अशा इंजिनात फ्लश (आतला गाळ सोडवणारं द्रव) ओतणंही टाळा. सुटलेला गाळ ऑईलच्या जाळीत जाऊन अडकतो. त्यापेक्षा चांगलं ऑईल दोन-तीनदा लवकर बदला.

खडखड म्हणजे शॉकअप, असं धरून चालणं

बारीक खड्ड्यांवर टकटक येत असेल तर बहुतेकदा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांडीचे) रबरी बुश असतात. गाडी वर घेऊन लिंक रॉड हातानं हलवला तरी कळतं. शॉकअप गेले असतील तर त्यांवर ऑईल ओघळलेलं दिसतं आणि गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यावरही डोलत राहते. पुण्यात नाना पेठेत दोन्ही मिळतात. कंपनीचा माल आणि लोकल माल यांत सस्पेन्शनच्या बाबतीत तरी मी कंपनीचाच घेतो. काढलेला जुना पार्ट गॅरेजमध्ये आठवणीनं मागून घ्या: "दादा, जुने बुश पिशवीत घालून द्या." चांगला मेकॅनिक याचं वाईट वाटून घेत नाही.

घाट न्यूट्रलमध्ये उतरणं

पेट्रोल वाचवण्यासाठी ताम्हिणी किंवा खंबाटकी न्यूट्रलमध्ये उतरणारी माणसं आजही आहेत, हे बघून काळजी वाटते. इंजिनचा आधार सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना पेट्रोलचा पुरवठा तसाही बंद होतो, म्हणजे बचतही होत नाही. इंजिनच बंद केलं तर दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकच्या बूस्टरचा (पेडलला जोर देणाऱ्या भागाचा) जोर संपतो आणि पेडल दगड होतं. जुन्या गाडीत तर ब्रेक फ्लुइड कधी बदललं हेच कुणाला आठवत नसतं. ते हवेतला ओलावा शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदला. टायरवरचा चार आकडी कोडही बघून घ्या. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी बाजूला भेगा पडलेला टायर पावसात विश्वासाचा नाही.

गंजावर कोटिंग मारणं

पावसाळ्याआधी अंडरबॉडी कोटिंग करून घेणं चांगलंच, पण आधीच गंज धरलेल्या पत्र्यावर ते मारलं तर ओल आत कोंडते आणि पत्रा आतून सडतो. आधी घासून, प्रायमर लावून मग कोटिंग. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती तारेनं मोकळी करा. वायपरखालच्या जाळीत साचलेली पानंही काढा. तिथलं पाणी तुंबलं की ते गाडीच्या आत, पायाखालच्या मॅटखाली येतं.

पेट्रोलची होजपाइपही याच वेळी बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला, पाइप फुगलेला किंवा भेगाळलेला दिसला तर त्याच दिवशी बदला. सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, दर तीन वर्षांनी करायची असते. तिची तारीख चुकवू नका.

कागदपत्रं शेवटच्या दिवसावर ढकलणं

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. १५ ते २० वर्षांच्या कारसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं. उशीर केलात तर दर महिन्याला ५०० रुपये जास्तीचे, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. आरटीओत गाडी प्रत्यक्ष तपासली जाते, तेव्हा हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, हँडब्रेक आणि पीयूसी आठवडाभर आधीच बघून घ्या. गाडी लिफ्टवर चढवून खालचे उभे-आडवे बीम आणि पुढच्या सस्पेन्शनचे माउंटिंग पॉइंट स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघायलाही मेकॅनिकला सांगा. तिथे स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर नूतनीकरणाचे पैसे भरू नका. इंजिन कितीही चांगलं असलं तरी ती गाडी रोज रस्त्यावर काढण्यालायक राहिलेली नाही.