या चुका टाळा: शहरातला जुना महामार्ग सुधारला, तरी धंदा का वाढत नाही?

सुरत-नागपूर महामार्गावर खानदेशातली धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव ही गावं आहेत. बाहेरून बायपास गेला की आतला जुना महामार्ग गावाचा रस्ता होतो. त्याच्या कडेने उद्योग-व्यापार वाढवायची ती मोठी संधी असते. ती हुकते बहुतेक एकाच कारणाने: कामांचा क्रम उलटा लागतो. आधी काँक्रीट, मग गटार, मग केबल.

जमिनीखाली काय आहे हे न पाहता अंदाजपत्रक करू नका. प्रत्येक चौकात आणि मध्ये दर 200 मीटरवर दीड मीटर खोल आडवा चर खणून पाणी, ड्रेनेज, वीज आणि फायबरच्या लाइन एकाच नकाशावर आणा. सर्वांत खोल ड्रेनेज आधी टाका, मग पाणी. दोन्हींत जमेल तिथे 3 मीटर आडवं अंतर ठेवा. माती भरण्याआधी लाइनची चाचणी घ्या. दर 100 मीटरवर रस्त्याखालून एनपी-4 दर्जाचा (जड वाहनांचा भार सोसणारा) रिकामा ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचा पाइप, टाकून दोन्ही टोकांना चेंबर बांधा. उद्या समोर दालमिल किंवा हॉटेल आलं, तर रस्ता न फोडता जोडणी देता येते.

तापी खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मातीचा फुगवटा निर्देशांक (पाण्यात माती किती फुगते याचं माप) 50 टक्क्यांच्या वर आला, तर खाली 0.6 ते 1 मीटर न फुगणाऱ्या मुरुमाचा थर हवाच. खर्च वाचवायला हा थर गाळला की रस्ता कडेपासून तडकतो, कारण ओलावा तिथेच आधी बदलतो. गळकं गटार हे नुकसान आणखी वाढवतं.

दुसरी चूक म्हणजे फक्त धावणाऱ्या गाड्यांचा विचार. किलोमीटरभर सलग दुभाजक बांधला की समोरचं गिऱ्हाईक तुटतं. बाजाराच्या भागात दर 250-300 मीटरवर सिग्नलसह पायी ओलांडायची सोय द्या. फुटपाथ किमान 1.8 मीटर मोकळा हवा, आणि तोही खांब, विजेच्या डीपी वगळून. मे महिन्यातल्या इथल्या उन्हात सावलीशिवाय कोण पायी येणार? फरशी बसवण्याआधीच कडुनिंब, करंजाचे खड्डे सोडा. हातगाड्यांची जागा 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण करून आराखड्यातच दाखवा.

सगळ्या उद्योगांना एकाच साच्याचे प्लॉट देऊ नका. जळगावच्या पाइप-चटई कारखान्यांना अखंड वीज लागते, नंदुरबारच्या मिरचीला वाळवायच्या पथारीसाठी मोकळी जमीन, रावेर-सावद्याच्या केळीला पॅकहाउस आणि शीतगृह. आधी त्यांना विचारा.

विकास आराखड्यात ट्रक टर्मिनलसाठी राखलेली जागा सर्वांत आधी ताब्यात घ्या. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम 127 नुसार 10 वर्षांत संपादन झालं नाही आणि मालकाच्या नोटिशीनंतर 24 महिन्यांतही पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. मग ट्रक रस्त्यावरच उभे राहतात.

काँक्रीट आधीच झालं असेल, तर नवीन लाइन रस्त्याखालून आडव्या ड्रिलिंगने न्या. फोडणं अटळ असेल, तर अरुंद पट्टी कापू नका. सांध्यापासून सांध्यापर्यंत अख्खं पॅनेल काढा, खालचा थर नीट दाबा, डॉवेल बार (दोन पॅनेल जोडणाऱ्या सांध्यातल्या सळया) पुन्हा बसवा आणि मगच नवं काँक्रीट ओता.